पोटनिवडणूक : दोन महायुद्धांमधील ग्रामीण निवडणुकीच्या परिभाषेची चिकित्सा

१

राजकीय संस्था परकीय भूमीतून येतात, परंतु त्या ज्या शब्दांनी समाजात रुळतात ते शब्द बहुधा त्याच समाजाच्या जुन्या व्यवहारातून उचललेले असतात. म्हणून एखाद्या संस्थेची परिभाषा तपासणे म्हणजे त्या समाजाने त्या संस्थेचा काय अर्थ लावला हे तपासणे होय. प्रस्तुत लेखात पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रुळलेल्या निवडणुकीच्या काही शब्दांची चिकित्सा करावयाची आहे. त्यांत 'पोटनिवडणूक' हा शब्द मध्यवर्ती आहे. विवेचनाला भूमीचा आधार हवा म्हणून संगमनेर तालुका, आणि तो ज्या जिल्ह्यात मोडतो तो अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा, डोळ्यांपुढे ठेवला आहे.

नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्या निवडणुका महाराष्ट्रास १८८० च्या दशकापासून परिचित होत्या हे खरे. तथापि कायदेमंडळासाठी प्रत्यक्ष मत देण्याचा प्रसंग खेड्यातील शेतकऱ्यावर प्रथम आला तो १९१९ च्या सुधारणा-कायद्यानंतर, १९२० च्या निवडणुकीत. मध्यवर्ती विधिमंडळासाठी संगमनेरचा समावेश मुंबई इलाख्याच्या मध्य विभागातील मुसलमानेतर ग्रामीण मतदारसंघात होत असे. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक आणि दोन्ही खानदेश एवढा या विभागाचा विस्तार. याच मतदारसंघातून १९२३ मध्ये न. चिं. केळकर आणि १९३४ मध्ये काकासाहेब गाडगीळ निवडून गेले. मतदारसंघाच्या नावात 'ग्रामीण' हा शब्द होता आणि हे दोन्ही प्रतिनिधी पुण्याचे होते. केळकर तर 'केसरी'चे संपादक आणि १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य-संमेलनाचे अध्यक्ष. वृत्तपत्राच्या मराठीचा निवडणुकीच्या मराठीवर जो ठसा उमटला, त्याचे एक कारण या वस्तुस्थितीत आहे.

२

प्रथम मतदार कोण होता हे पाहिले पाहिजे, कारण शब्दांचा अर्थ ते वापरणाऱ्यांच्या संख्येवर आणि स्थितीवर अवलंबून असतो. १९२० च्या नियमांप्रमाणे मुंबईच्या प्रांतिक कौन्सिलासाठी ग्रामीण मतदाराची मुख्य पात्रता सरकारी साऱ्यावर ठरविली होती. पंचमहाल, रत्नागिरी व सिंधचा उत्तर-सरहद्द भाग येथे ही मर्यादा १६ रुपये होती, अन्यत्र ती ३२ रुपये होती. मध्यवर्ती विधिमंडळासाठी हीच मर्यादा सामान्यतः ७५ रुपये होती. प्राप्तिकर भरणारे, निवृत्तिवेतन घेणारे सैनिक अशा काहींना स्वतंत्र पात्रतेने मत होते, परंतु खेड्यातील मतदार म्हणजे मुख्यतः सारा भरणारा शेतकरी असेच समीकरण होते. दख्खनच्या कोरडवाहू जमिनीवरील आकारणी एकरी साधारणतः रुपयाच्या आत असे. तेव्हा ३२ रुपये सारा भरणारा म्हणजे बऱ्याच मोठ्या रकब्याचा धनी. संगमनेरच्या पठार भागातील जिरायत करणारा लहान शेतकरी, अकोल्याच्या डोंगरातील महादेव कोळी किंवा ठाकर, गावकुसाबाहेरील बलुतेदार, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर, यांची नावे यादीत येण्याचा संभव फार थोडा. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक निवडणुकीसाठी साऱ्याची मर्यादा ८ रुपयांवर आली आणि यादी बरीच रुंदावली. तरीही प्रौढ मताधिकार १९५० च्या घटनेपर्यंत आला नाही.

स्त्रियांविषयी एक गोष्ट येथेच नमूद केली पाहिजे. मुंबई कौन्सिलाने १९२१ मध्ये स्त्री म्हणून असलेली अपात्रता दूर केली. परंतु साऱ्याची अट कायम राहिली, आणि जमीन स्त्रीच्या नावे क्वचितच असे. १९३५ च्या कायद्याने साक्षर स्त्रिया व पूर्वीच्या पात्रतेच्या मतदारांच्या पत्नी यांना वाट मोकळी केली. म्हणजे या काळातील पुष्कळ स्त्रियांचे मत नवऱ्याच्या साऱ्यावरून मोजले गेले.

३

आता शब्दाकडे वळू. 'पोट' हा शब्द प्राकृतातील 'पोट्ट' या रूपाशी निगडित असून त्याचा मूळ अर्थ उदर. समासाच्या पूर्वपदी तो दोन प्रकारे येतो. 'पोटदुखी', 'पोटशूळ' यांत तो वाच्यार्थाने येतो. 'पोटजात', 'पोटकलम', 'पोटनियम', 'पोटमाळा', 'पोटहिस्सा', 'पोटखराबा', 'पोटकूळ', 'पोटभाडेकरू' यांत मात्र तो 'एखाद्याच्या आत असलेला भाग' या अर्थाने येतो. या दुसऱ्या गटातील शब्दांकडे पाहिले म्हणजे त्यांतील बरेचसे जमिनीच्या आणि कायद्याच्या व्यवहारातील आहेत हे लक्षात येते. सर्व्हे नंबराची वाटणी झाली की पोटहिस्से पडतात. नंबराच्या ज्या भागात पीक येत नाही तो पोटखराबा होय. कुळाने दुसऱ्यास जमीन लावली की तो पोटकूळ होतो.

या गटात 'पोटनिवडणूक' ठेवून पाहावी. इंग्रजीतील 'बाय-इलेक्शन' या शब्दातील पूर्वपद बाजूची किंवा आडवाटेची कल्पना देते. जर्मन शब्दात ती 'नंतरची' निवडणूक आहे, फ्रेंचमध्ये 'आंशिक'. हिंदीने 'उपचुनाव' म्हटले, आणि कन्नडनेही 'उप' हेच पूर्वपद स्वीकारले. मराठीचे नाते येथे गुजरातीशी जुळते, कारण गुजरातीत 'पेटाचूंटणी' असा शब्द आहे आणि त्यातील 'पेटा'चाही संबंध पोटाशीच आहे. तालुक्याच्या विभागास 'पेटा' म्हणण्याचा प्रघात मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात होता. मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांनी नव्या राजकीय घटनेस नाव देताना महसुली दप्तराचीच रीत वापरली, असे म्हणावयास यामुळे जागा राहते.

'पोट' आणि 'उप' यांत फरक काय? 'उप' हे पूर्वपद जवळीक व गौणत्व दर्शविते, जसे उपाध्यक्ष, उपनगर, उपकथानक. 'पोट' हे मुख्यतः अंतर्भाव दर्शविते. पोटमाळा खोलीहून कमी प्रतीचा असेल वा नसेल, परंतु तो खोलीच्या आत असतो. पोटहिस्सा मूळ नंबराचाच अंक वाहतो. हा भेद निवडणुकीच्या संदर्भात अर्थपूर्ण आहे. मध्येच रिकाम्या झालेल्या जागी निवडून आलेला सभासद स्वतंत्र मुदत मिळवीत नाही. मूळ सभागृहाच्या मुदतीचा जो भाग उरला असेल तेवढाच त्याच्या वाट्यास येतो. त्याचे मत, त्याचे हक्क, त्याचे दायित्व इतर सभासदांइतकेच असते. म्हणजे ही निवडणूक मोठ्या निवडणुकीहून गौण नसते, ती तिच्या मुदतीच्या पोटात असते. शब्दाने घटनात्मक स्थिती अचूक पकडली आहे, आणि 'उपनिवडणूक' असा शब्द योजिला असता तर ही अचूकता गमावली असती.

यावर एक आक्षेप संभवतो. 'पोटजात' आणि 'पोटभाडेकरू' या शब्दांत गौणत्वाची छटा स्पष्ट आहे, मग 'पोटनिवडणूक' त्यातून कशी सुटेल? आक्षेप वजनदार आहे. परंतु पोटभाडेकरूचे गौणत्व 'पोट' या पदातून येत नाही, त्याचा हक्क दुसऱ्याच्या हक्कातून निघालेला आहे यातून ते येते. पोटनिवडणुकीतील मतदाराचा हक्क कुणाच्या हक्कातून निघत नाही. यादी तीच, मतदार तोच. शब्दाची छटा आणि संस्थेची स्थिती यांत जेथे अंतर पडते तेथे चिकित्सकाने संस्थेकडे पाहिले पाहिजे.

या शब्दाची व्याप्ती दोन महायुद्धांमधील एका घटनेने विशेष वाढविली. १९३४ मध्ये निवडलेल्या मध्यवर्ती विधिमंडळाची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली आणि पुढची सार्वत्रिक निवडणूक १९४५ अखेर झाली. सुमारे अकरा वर्षे या विधिमंडळाच्या जागा भरण्याचा मार्ग पोटनिवडणुकीखेरीज दुसरा नव्हता. पोट एवढे वाढले, की त्यात एक सबंध पिढी मावली. १९३४ मध्ये दहा वर्षांचा असलेला संगमनेरचा मुलगा १९४५ मध्ये एकविशीत आला, आणि तेवढ्या काळात दिल्लीच्या सभागृहासाठी आपल्या वडीलधाऱ्यांना सार्वत्रिक मत देताना त्याने एकदाही पाहिले नाही.

याच काळात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये पोटनिवडणूक निराळे कार्य करीत होती. म्युनिक करारानंतर १९३८ मध्ये अ‍ॅथलच्या डचेसने चेंबरलेन सरकारच्या परराष्ट्रनीतीस विरोध म्हणून आपली जागा स्वतः होऊन सोडली, आणि किनरॉस व पश्चिम पर्थशायर या ग्रामीण मतदारसंघात पुन्हा मतदारांपुढे गेली. तिला १०,४९५ मते पडली, तिच्या प्रतिस्पर्ध्याला ११,८०८. तिचा पराभव झाला, परंतु एका डोंगरी मतदारसंघाने युद्ध आणि शांतता यांवर मत दिले असे साऱ्या देशाने मानले. संगमनेरच्या मतदाराला असा प्रश्न विचारला जाण्याची शक्यताच व्यवस्थेने ठेवली नव्हती. येथे परराष्ट्रनीती विधिमंडळाच्या कक्षेबाहेर होती, आणि १९३९ मध्ये हिंदुस्थान युद्धात उतरल्याची घोषणा झाली ती या विधिमंडळाला न विचारता. दोन्हीकडे मतपेटी होती. एकीकडे तिच्यात प्रश्न पडत होता, दुसरीकडे केवळ नाव.

४

'पोटनिवडणूक' या समासाचे उत्तरपद 'निवडणूक'. 'निवडणे' ही मराठी घरातील रोजची क्रिया आहे. तांदूळ निवडतात, भाजी निवडतात. या क्रियेत चांगले उचलणे आणि खडे काढून टाकणे या दोन्ही गोष्टी येतात. त्याला '-णूक' प्रत्यय लागून झालेल्या नामांचे कुटुंब पाहण्यासारखे आहे : नेमणूक, मिरवणूक, करमणूक, फसवणूक, पिळवणूक, सोडवणूक. थट्टेखोरास यातून पुष्कळ सुचेल. गंभीरपणे पाहता त्या काळाच्या दृष्टीने महत्त्वाची जोडी 'नेमणूक' आणि 'निवडणूक' ही होय. लोकल बोर्डात व कौन्सिलात काही सभासद सरकारने नेमलेले असत, काही लोकांनी निवडलेले. मराठीत ही दोन्ही नामे एकाच प्रत्ययाने सिद्ध झालेली असल्यामुळे त्यांतील विरोध ऐकताच कळे. घटनेच्या हिंदी परिभाषेने 'निर्वाचन' स्वीकारले आणि हिंदीत 'निर्वाचन आयोग' झाला. मराठीने मात्र 'भारत निवडणूक आयोग' असेच म्हटले. सुपातला शब्द राजपत्रात गेला याचा भाषेच्या अभ्यासकास आनंद वाटावा. पण निवडण्याचे काम घराघरांत ज्या स्त्रियांच्या हाती होते, त्यांतील बहुसंख्यांना या काळात ते मतपेटीपाशी करता येत नव्हते, याचीही त्याला आठवण असावी.

'मतदार' हा संकर-शब्द आहे. 'मत' संस्कृत, '-दार' फारसी. या प्रत्ययाने मराठीत जे शब्द रूढ होते ते पाहावेत : वतनदार, इनामदार, जमीनदार, खातेदार. सारे धारण करणाऱ्याचे, हक्काचे, बहुतेक जमिनीशी निगडित. मताचा हक्क साऱ्यावर ठरत असताना 'खातेदार' आणि 'मतदार' ही यमके केवळ ध्वनीची नव्हती. याउलट क्रियेचे नाव 'मतदान' झाले. दाता आणि याचक ही कल्पना त्याबरोबर आली, 'मते मागणे' हा प्रयोगही त्यातूनच पोसला गेला. दान एकदा दिले की दात्याचा त्यावरील हक्क संपतो. हक्क धारण करणारा मतदार आणि हक्क सोडणारे मतदान अशी ही विसंगती आपल्या परिभाषेत आजही आहे. 'मतदाता' हे हिंदी रूप मराठी लेखनात हल्ली अधूनमधून दिसते. ते आले की ही विसंगती मिटते खरी, परंतु ती हक्काच्या बाजूने मिटत नाही, दानाच्या बाजूने मिटते. म्हणून 'मतदार' टिकावा.

'उमेदवार' हा शब्द कचेरीतून आला. आशा धरणारा हा त्याचा फारसी अर्थ. मराठीत नोकरीच्या आशेने कचेरीत बिनपगारी काम शिकणाऱ्यास उमेदवार म्हणत, आणि 'उमेदवारीचा काळ' या प्रयोगात तो अर्थ अजून जिवंत आहे. शिकाऊ माणसाचे नाव मते मागणाऱ्यास मिळाले हे त्या नावातील नम्रतेमुळे शोभले, व्यवहारात मात्र क्वचितच सांभाळले गेले. 'उभा राहणे' हा प्रयोग इंग्रजीच्या वळणाने आला. १९३९ मध्ये आचार्य अत्र्यांनी आपल्या नाटकास 'मी उभा आहे' हे नाव दिले, ते प्रेक्षकांना तत्काळ कळले, यावरून तोवर तो किती रुळला होता हे दिसते.

'राखीव' या शब्दाचा प्रवास याहून उद्बोधक आहे. राखीव जंगल, राखीव कुरण हे शब्द सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना चांगले ठाऊक होते, कारण त्यांचा अर्थ त्यांच्यापुरता 'येथे येऊ नये' असा होता. १९२० च्या व्यवस्थेत मराठा व तत्सम जातींसाठी मुंबई कौन्सिलात सात जागा राखीव झाल्या. १९३२ च्या पुणे करारानंतर दलितांसाठी प्रांतिक विधिमंडळांत एकूण १४८ जागा राखीव ठरल्या. १९३७ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातून स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम मुंबई विधानसभेत गेले. शब्द तोच राहिला, अर्थ उलटला. जो शब्द दार बंद करीत होता तो दार उघडणारा ठरला. भाषेत शब्दाचा अर्थ कोणाच्या हातात तो शब्द आहे यावर कसा पालटतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

५

आतापर्यंत नामांचा विचार झाला. वाक्यरचनेतही एक भेद आहे आणि तो अधिक खोल आहे. उमेदवार म्हणतो, 'मी निवडून आलो'. मतदार म्हणतो, 'आम्ही त्यांना निवडून दिले'. पहिल्या रचनेत कर्ता कोणी निवडले हे सांगण्याची सोय नाही. 'मी मतदारांनी निवडून आलो' हे वाक्य मराठीत होत नाही. 'येणे' हे क्रियापद निवडणुकीला पाऊस येण्यासारखी, आपोआप घडलेली घटना करून टाकते. दुसऱ्या रचनेत मतदार तृतीयेत का होईना, कर्ता म्हणून उभा असतो. हीच जोडी पराभवात दिसते. 'ते पडले' आणि 'लोकांनी त्यांना पाडले'. 'पडणे' अकर्मक, 'पाडणे' प्रयोजक. निकालाच्या बातम्यांची भाषा बहुधा पहिली रचना पसंत करते, पारावरचे बोलणे दुसरी. पहिलीत निकाल कळतो, दुसरीत तो कोणी लावला हे कळते.

या ठिकाणी 'कौल' शब्दाचा विचार केला पाहिजे. अरबीतून आलेल्या या शब्दाचे मराठीत दोन जुने उपयोग होते. पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी सरकार रयतेला कौल देत असे. देवळात देवापुढे कौल लावीत असत. दोन्हीकडे कौल देणारा वरचा, घेणारा खालचा. 'जनतेचा कौल' या प्रयोगात मात्र देणारी रयत आहे आणि घेणारा राज्यकर्ता. निवडणुकीच्या सर्व परिभाषेत सत्तेची दिशा खऱ्या अर्थाने उलटविणारा शब्द हाच होय, आणि तो कोणा पंडिताने घडविलेला दिसत नाही.

६

शब्द कसे घडवावेत याविषयी याच काळात महाराष्ट्रात मोठा वाद झाला. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत भाषाशुद्धीची चळवळ चालविली आणि 'महापौर', 'दिनांक' यांसारखे शब्द रूढ केले. ज्यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला त्याच माधवराव पटवर्धनांनी १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या वर्षांत खंडशः प्रसिद्ध होत होता. शुद्धीच्या दृष्टीने पाहिले तर निवडणुकीची परिभाषा नापास होईल. 'उमेदवार' फारसी, 'कौल' अरबी, 'मतदार' संकरित, 'पोट' देशी. परंतु परिभाषेची कसोटी ती कोठून आली ही नसून ज्याने वापरावयाची त्याला ती पेलते की नाही ही आहे. सारा, खाते, पोटहिस्सा, कौल हे शब्द निरक्षर शेतकऱ्याच्याही तोंडी होते. त्यांच्या शेजारी बसलेले 'मतदार' आणि 'पोटनिवडणूक' त्याला परके वाटले नाहीत.

अहमदनगर जिल्ह्यात या दृष्टीची परंपरा होती. संगमनेर हे शाहीर अनंत फंदी (१७४४-१८१९) याचे गाव. लोकांना चार शहाणपणाचे शब्द लोकांच्याच भाषेत तोंडावर सुनावणारा फटका त्याने लोकप्रिय केला. याच जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' हे सत्यशोधकी पत्र दीर्घकाळ चालविले. ज्या काळात वृत्तपत्र म्हणजे शहर असे समीकरण होते, त्या काळात खेड्यात बसून खेड्याच्या बोलीशी जवळीक राखणारे हे पत्र होते. सत्यशोधकी जलसे आणि पुढे आंबेडकरी जलसे यांनी हक्क, प्रतिनिधी, कायदा या कल्पना वाचता न येणाऱ्यांपर्यंत नेल्या. पुण्याच्या अग्रलेखाची मराठी आणि तरवडीच्या अग्रलेखाची मराठी यांच्या संगमातून निवडणुकीची बोलती परिभाषा सिद्ध झाली, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

तथापि या परिभाषेचे कौतुक करून थांबता येत नाही. ती जमिनीच्या दप्तरातून आली म्हणून शेतकऱ्यास सुलभ झाली, आणि त्याच कारणाने ज्यांचे नाव दप्तरात नव्हते त्यांना तिने वगळले. ज्या जमिनीवर आकार नाही ती पोटखराबा, ज्या माणसाच्या नावे आकार नाही तो यादीबाहेर, हा एकच हिशेब होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली निराळी पेटी ठेवण्यात आली, आणि संगमनेरच्या विडी वळणाऱ्या स्त्रीने व अकोल्याच्या ठाकराने हेच शब्द उचलले. त्यांनी नवे शब्द मागितले नाहीत. 'मतदार' या शब्दातील '-दार' तेव्हापासून जमिनीला चिकटलेला राहिला नाही. १९५४ मध्ये भंडाऱ्याची आणि १९६३ मध्ये नाशिकची लोकसभेची पोटनिवडणूक महाराष्ट्रात गाजली. त्यांतील पहिलीत डॉ. आंबेडकरांसारखा घटनाकार पराभूत झाला, दुसरीत यशवंतराव चव्हाण बिनविरोध गेले. तोवर या शब्दाचे महसुली मूळ लोकांच्या स्मरणातून गेले होते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे कामाचे क्षेत्र मोकळे आहे. तालुक्याच्या जुन्या मतदारयाद्या, स्थानिक पत्रांतील निवडणुकीची वृत्ते, जलशांच्या संहिता आणि वृद्धांच्या तोंडचे प्रयोग एकत्र ठेवून पाहिले तर 'निवडून येणे' आणि 'निवडून देणे' यांचे प्रमाण कोणत्या काळात, कोणाच्या भाषेत कसे बदलले हे निश्चित सांगता येईल. शासकीय मराठी घडविणाऱ्यांनी तोवर एवढे करावे, की जे शब्द मतदाराच्या हातात बसले आहेत ते शुद्धीच्या किंवा एकरूपतेच्या नावाखाली काढून घेऊ नयेत. साऱ्याची अट गेली, पण ती गेल्यावर हक्क ज्या शब्दांत उरला ते शब्द हेच आहेत.